कवेलू न फेरलेला पावसाळा

श्रावणातली झड लागली की माझी मान आपोआप वर जाते. उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या या फ्लॅटमध्ये येऊन मला बरीच वर्षं झाली. वर पक्का स्लॅब आहे, त्यावर आणखी मजले आहेत आणि त्या मजल्यांवर माणसं राहतात. पावसाला माझ्यापर्यंत यायचं तर आधी त्यांच्या घरातून यावं लागेल. तरी मान वर जातेच. लोक खिडकीशी बसून पाऊस बघतात, भजी तळतात, एकमेकांना ढगांचे फोटो पाठवतात. मी छत बघते.

या वर्षी छताने माझी निराशा केली नाही. पलंगाच्या वर, पंख्याच्या जरा बाजूला, ओलीचा एक डाग उमटला आहे. सून म्हणाली, "आई, सीलन आहे. वरच्यांच्या बाथरूममधून पाणी येऊन राहिलंय. प्लंबरला फोन करते." तिच्या लेखी तो डाग म्हणजे एक फोन. तिचं बरोबरच आहे. मग ती सहज म्हणाली, "तोवर तुमचा पलंग थोडा इकडे सरकवू या का?" मी "नको" म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं असावं, कारण ती चमकून बघायला लागली. एकदा पलंग सरकवायला लागलं की कुठवर सरकवावा लागतो, हे तिला काय सांगणार? आमच्या घराला ते छप्पन सालच्या पावसाळ्यात कळलं होतं.

तेव्हा आम्ही फ्रीगंजात राहत होतो, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत. भाड्याचं बैठं घर, आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक खोल्या आणि वर कवेलू. महाराष्ट्रात ज्यांना कौलं म्हणतात त्यांना इकडे कवेलू म्हणतात. अर्ध्या नळीच्या आकाराची, पालथी-उताणी मांडलेली. ना खिळा, ना चुना, नुसती एकमेकांच्या आधाराने बसलेली. वर्षभर त्यांच्यावरून माकडं उड्या मारत, मांजरं भांडत, वारा त्यांच्या फटींत धूळ भरत असे. म्हणून दर उन्हाळ्यात ती सगळी उतरवून, झाडून, फुटकी काढून पुन्हा मांडायची. याला कवेलू फेरणं म्हणत. मालक रतलामला असत आणि हे काम भाडेकऱ्यानेच करून घ्यायचं असा रिवाज होता. गहू भरून झाले, पापड-कुरडया वाळल्या की पुढचं काम हेच. त्या दिवशी आई सगळं सामान जुन्या लुगड्यांनी झाकून ठेवायची. घरात उताणं पडलं की वाशांमधून थेट आभाळ दिसायचं. मला तो दिवस दिवाळीइतका आवडायचा.

छप्पन साली ते आभाळ दिसलं नाही. कवेलू फेरणारा नेहमीप्रमाणे दारात येऊन उभा राहिला. "बाबूजी, कब से हाथ लगाऊँ?" अप्पा पेपर वाचत होते. पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले, "अब क्या फेरना भैया, हम तो भोपाल चले."

अप्पा, म्हणजे माझे वडील, सरकारी खात्यात हेडक्लार्क होते. त्यांच्या ऑफिसच्या दारावरची पाटी माझ्या जन्मानंतर एकदा बदलली होती. संस्थान गेलं, मध्य भारत आला. आता मध्य भारतही जाणार, नवं मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळ, आणि खात्याची खाती उचलून तिकडे नेणार, असं सगळे म्हणत होते. हुकूम मात्र आला नव्हता. आमच्या गल्लीतली निम्मी घरं सरकारी नोकरांची. त्या उन्हाळ्यात या सगळ्या घरांमध्ये एकच वाक्य ऐकू यायचं. भोपाळला गेल्यावर करू. भांड्यांना कल्हई भोपाळला गेल्यावर. गाद्या पिंजायच्या भोपाळला गेल्यावर. आईने लोणचंसुद्धा थोडंच घातलं, बरण्या नेताना फुटतील म्हणून. आम्ही राहत उज्जैनला होतो आणि घर चालवत होतो भोपाळच्या भरवशावर.

आणि त्याच उन्हाळ्यात शाजापूरहून ताईच्या सासूबाईंचा निरोप आला. ताई, माझी थोरली बहीण शकू, पहिलटकरीण होती. तुमची बदली होऊन राहिली म्हणतात, तर शकूचं बाळंतपण इथंच करू का, असं त्या विचारत होत्या. अप्पांना ते लागलं. म्हणाले, "पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. आमचं घर काय पळून चाललंय?" कवेलूवाल्याला घर चाललंय म्हणून सांगितलं आणि विहीणबाईंना ते जागेवरच आहे म्हणून. दोन्ही वेळा अप्पा मनापासून बोलले. माणूस असं बोलू शकतो, हे मला तेव्हा विचित्र वाटायचं. आता वाटत नाही.

ताई आली ती झोपायलाच. शाजापूरचं घर मोठं, खटल्याचं. ती थोरली सून. पहाटे विहिरीवरून पाणी शेंदण्यापासून तिचा दिवस सुरू व्हायचा आणि सगळ्यांची अंथरुणं घातल्यावर संपायचा. कोणी तिला छळत नव्हतं, हे ती स्वतःच सांगायची. काम संपत नव्हतं, एवढंच. तिच्या तळव्यांना दोराचे घट्टे पडले होते. पहिल्याच दिवशी ती जेवून मधल्या खोलीत आडवी झाली आणि दिवे लागले तरी उठली नाही. मी जाऊन तिला हलवलं, तेव्हा डोळे न उघडताच म्हणाली, "मंगू, राहू दे गं. तिकडे नुसता डोळा लागतो. झोप इथंच लागते." आईने ते ऐकलं. चुलीपुढे बसून ती मला म्हणाली, "सव्वा महिना. बाळंत झाली की सव्वा महिना हिला कोणी उठवायचं नाही. मग आहेच जन्मभर." आई असं ठरवून फारसं बोलत नसे. त्यामुळे ते माझ्या मनात पक्कं बसलं. आमच्या घरात त्या वर्षी एकच गोष्ट सांभाळायची होती, ताईची झोप.

मुलगी झाली, सुखरूप झाली. मधल्या खोलीत बाज टाकली होती, खाली शेगडी, ओव्या-शेपांची धुरी. तोवर पाऊस येऊन-जाऊन होता. पाचवी झाली आणि झड लागली.

पहिला थेंब बाजेच्या पायाशी पडला. आईने तिथे परात ठेवली. दुसरा उशापाशी पडला, तिथे पातेलं. मग बाज भिंतीकडे सरकवली. एक दिवस बरा गेला. गल्लीतली माकडं छपरावरून धडधडत गेली आणि गळती नव्या जागी सुरू झाली. पुन्हा बाज सरकवली. तिकडे दिल्लीत राज्यांच्या सीमा सरकवत होते आणि इकडे आम्ही बाज सरकवत होतो. दोन्हीकडे कोणाचंच समाधान होत नव्हतं. शेवटी आईने वाशांना चार टोकं बांधून बाजेच्या वर मेणकापड ताणलं. त्यात पाणी साठून त्याला पोट यायचं. मग आई खालून काठीने ते पोट हळूच एका कडेला लोटायची आणि मी बादली धरायची. धार बादलीत पडताना आवाज होऊ नये म्हणून बादलीत फडकं टाकलेलं असायचं. ताई झोपलेली असायची. बाळ झोपलेलं असायचं. आई आणि मी श्वास धरून ते पाणी उतरवायचो. अजूनही घरात कुठे नळ ठिबकायला लागला की मी उठून त्याच्याखाली फडकं टाकते.

दुपटी वाळत नव्हती. शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट पसरायचे आणि उलटत राहायचं, हे माझं काम होतं. ओल, धूर, वेखंड आणि अर्धवट वाळलेलं कापड, असा एक वास घरात भरून राहिला होता. शाळेत माझ्या पोलक्यालाही तो येई. परत आले की मी आधी आईचा चेहरा बघायची. त्यावरून कळायचं, आज नवी जागा गळू लागली की नाही.

संध्याकाळी अप्पा येत. छत्री दारात उघडी ठेवत आणि कोणी न विचारताच म्हणत, "आज पण नाही आला." म्हणजे हुकूम. आईने एकदा तरी भांडावं असं मला वाटायचं. तिने भांडं उचलायचं, पाणी मोरीत ओतायचं, भांडं पुन्हा जागेवर ठेवायचं, एवढंच. अप्पा ते बघत राहत. एकदा ते म्हणाले, "आता वर कोणी चढणार नाही. ओल्या कवेलूवर पाय ठेवला की एक सरळ करताना बाकीची फुटतात." आई म्हणाली, "मला माहीत आहे." एवढंच, पण अप्पा त्या दिवशी चहा न घेताच बाहेर गेले.

बाळाला कफ झाला. श्वास घेताना तिच्या छातीत मांजराच्या घुरघुरण्यासारखा आवाज यायला लागला. वैद्यांनी चाटण दिलं आणि ओल टाळा म्हणून सांगितलं. ते ऐकून आम्ही सगळ्यांनीच छताकडे पाहिलं. त्या दुपारी आई अप्पांना म्हणाली, "शाजापूरला कळवू या का?" अप्पांच्या आधी बाजेवरून ताई बोलली. मला वाटलं होतं ती झोपली आहे. "कळवू नका. कळवलं की न्यायला येतील." मग म्हणाली, "बाळाला मी पोटाशी घेऊन निजते. तिला ओल लागू देणार नाही." बाळाची काळजी तिला आमच्याहून जास्त होती, हे तर उघड होतं. आणि तरी ती हे म्हणत होती. किती थकलं म्हणजे माणूस असं म्हणतं, ते मला कळायला माझी बाळंतपणं व्हावी लागली.

बारशाला विहीणबाई येणार होत्या. शाजापूरची बस दुपारी देवास गेटला लागे, तिथून टांगा. सकाळपासून आम्ही घर कोरडं दाखवायच्या मागे लागलो. पराती-पातेली उचलली. मेणकापड काढलं, कारण ते दिसलं की सगळंच दिसलं. जमिनीवरची ओल झाकायला सतरंजी. भिंतीवर ओघळ उतरले होते, तिथे आईने आपला ठेवणीतला शालू खुंट्यांना लावून सोडला. बारशाची शोभाच वाटेल, म्हणाली. पाऊस थांबला होता. आई सारखी अंगणात जाऊन आभाळ बघून येत होती.

विहीणबाई आल्या, हातपाय धुतले, बाळाला बघून हरखल्या. त्या काही कजाग बाई नव्हत्या. बाळासाठी कुंची, ताईसाठी डिंकाचे लाडू, माझ्यासाठी रेशमी रिबिनी घेऊन आल्या होत्या. संध्याकाळी गल्लीतल्या बायका जमल्या. मधल्या खोलीत पाळणा टांगला. आणि बायका पाळणा म्हणायला लागल्या तोच छपरावर पहिली सर वाजली.

मी आईकडे बघत होते. आई वर बघत नव्हती. ती ऐकत होती. मग ती उठली आणि पाळण्याच्या डाव्या बाजूला, जिथे बसायचं काही कारण नव्हतं अशा जागी, भिंतीकडे पाठ करून बसली. तिला त्या छपराची जागा न् जागा पाठ झाली होती. थेंब तिच्या पाठीवर पडू लागला. तिच्या अंगावर जांभळं लुगडं होतं, भिजलेलं चटकन दिसायचं नाही असं. ती न हलता, एका सुरात म्हणत राहिली. शेजारच्या भाभींना सगळं ठाऊक होतं. त्यांना मराठी पाळणा येत नव्हता, पण सर वाढली तशी त्यांनी टाळ्यांचा आवाज वाढवला. छप्पर जितकं वाजत होतं तितक्या या बायका वाजत होत्या. ताई पाळण्याची दोरी धरून खाली मान घालून बसली होती. बाळ मध्येच खोकत होतं.

घुगऱ्या वाटून झाल्या, बायका गेल्या. विहीणबाईंनी आईची ओटी भरली. कुंकू लावलं आणि आपलेपणाने आईच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्यांनी काढून घेतला, पाहिला, पदराला पुसला.

"विहीणबाई, तुम्ही पार भिजल्या आहात."

विहीणबाईंनी वर पाहिलं. मग उठून भिंतीवरचा शालू एका बाजूने उचलला आणि परत सोडला.

"पाणी कधीपासून येऊन राहिलंय?"

"झड लागल्यापासून," आई म्हणाली.

"आमच्याकडे टिनाचं छत आहे. आवाज फार होतो, पण पाणी नाही येत." त्या अगदी साध्या आवाजात बोलत होत्या. "पोरीच्या छातीत घरघर आहे. मी दोघींना उद्या घेऊन जाते."

अप्पा दारात उभे होते. ते म्हणाले, "एका जागेचा तर प्रश्न आहे. सकाळी मी स्वतः बघतो. उद्या एक थेंब आला तर खुशाल न्या." विहीणबाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत.

सकाळी पाऊस भुरभुर होता. अप्पांनी भाभींकडची शिडी आणली, धोतराचा काचा मारला आणि वर चढले. आई त्यांना नको म्हणाली नाही. तिलाही वाटत असावं, जमलं तर जमलं. ताई मोरीत न्हायला बसली होती. बाळ पुढच्या खोलीत विहीणबाईंच्या मांडीवर होतं. मी मधल्या खोलीत शेगडीशी बसून लंगोट उलटत होते आणि डोक्यावर अप्पांचं चालणं ऐकत होते. एक पाऊल. थांबले. एक कवेलू सरकल्याचा आवाज. पुन्हा एक पाऊल. मग कडकन काहीतरी मोडलं आणि बाजेवर मातीची ढेकळं, कवेलूचे तुकडे, काळं पाणी कोसळलं. धूळ बसली तेव्हा छपरातून अप्पांचा पाय लोंबत होता. गुडघ्यापर्यंत. पोटरी खरचटली होती आणि पायाची बोटं हलत होती.

पुढे पोरांना मी हा प्रसंग हसवून हसवून सांगितला आहे. त्या सकाळी कोणी हसलं नाही. वरून अप्पा एकच विचारत होते, "खाली कोणी नाही नं? खाली कोणी नाही नं?" ताई ओल्या केसांनी तशीच धावत आली. तिने आधी बाज पाहिली. जिथे ती आणि बाळ निजत, तिथे फुटक्या कवेलूचा ढीग होता. मग तिने तो पाय पाहिला. विहीणबाई बाळाला छातीशी धरून उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"कोणी नाही, अप्पा," ताई वर बघून म्हणाली. "सांभाळून काढा पाय." आणि मग आईकडे वळून, अगदी हळू, "आई, माझी ट्रंक काढ."

तिने हे विहीणबाईंना बोलू दिलं नाही आणि अप्पांवर ऐकून घ्यायची वेळ येऊ दिली नाही. स्वतःच म्हणून टाकलं.

टांगा आला तेव्हा पाऊस पुन्हा धरला होता. अप्पा पोटरीला फडकं बांधून पुढे टांगेवाल्याशेजारी बसले, देवास गेटपर्यंत पोचवायला. विहीणबाई आईचा हात धरून म्हणाल्या, "काळजी करू नका. सव्वा महिना मी हिला हात ओला करू देणार नाही." आईने मान हलवली. त्यांनी तो शब्द पाळला की नाही, ते ताईने कधी सांगितलं नाही आणि आईने कधी विचारलं नाही. त्या घराचा पसारा दोघींनाही माहीत होता. शाजापूरला गेल्यावर बाळाचा कफ मात्र थोड्याच दिवसांत सुटला. विहीणबाईंचं काही चुकलं नव्हतं, आणि मला आजही बोचतं ते हेच. रागवायला कोणी सापडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. पुढे कितीतरी दिवस पाऊस फिरकला नाही. आईने गादी अंगणात टाकली, मेणकापड धुऊन वाळवलं, घडी केली. कोरड्या खोलीत ती उगाच वावरत राहायची. परात चुकून पायाला लागली तरी आम्ही दोघी दचकायचो. अप्पा ऑफिसातून येत, मात्र "आज पण नाही आला" म्हणायचं त्यांनी सोडलं होतं.

परवा प्लंबर आला. वरच्यांच्या बाथरूममध्ये कुठलासा जोड सैल झाला होता, तो त्याने बसवला. "अम्माजी, अब बेफिकर सो जाओ," म्हणाला. डाग अजून आहे, पण वाढत नाही म्हणे. मी दुपारी पडल्या पडल्या त्याच्या कडा बघते. सुनेला वाटतं आईंना छताची काळजी आहे. मला छताची काळजी नाही. छपरं नीट होतात. उशिरा का होईना, होतात. त्या उशिरात जे निघून जातं त्याचं काय करायचं, हे मला या वयातही कळलेलं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास नवं राज्य झालं. अप्पांच्या ऑफिसवर पुन्हा नवी पाटी लागली. भोपाळला गेले ते दुसरे लोक. अप्पांचा हुकूम आलाच नाही, त्यांचा विभाग उज्जैनलाच राहिला आणि आम्ही त्याच घरात राहिलो. पुढच्या उन्हाळ्यात पापडाची डाळ दळायच्या आधी कवेलू फेरणारा छपरावर होता. अप्पा स्वतः अंगणात उभे राहून एकेक कवेलू वाजवून बघत होते. त्यानंतर एक वर्षही त्यांनी चुकवलं नाही. ताईची पुढची बाळंतपणं शाजापूरलाच झाली. आई तिकडे जाऊन आली.

ताई माहेरी येत राहिली. कोणाच्या मुंजीला, राखीला, अप्पांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. पण एक रात्र, फार तर दोन. तिकडे मुलं, दुभती म्हैस, आणि आता थकलेल्या सासूबाई. ती आली की अप्पा तिला पाणी प्यायचीही उसंत देत नसत. दारातूनच तिला मधल्या खोलीत घेऊन जात आणि काठीने वर दाखवत. "बघ. परवा एवढा पाऊस झाला, एक थेंब नाही." ताई मान वर करून वासे बघायची, कवेलू बघायची, अगदी मन लावून. "आता छान झालंय, अप्पा," म्हणायची. आणि हे बोलतानाही तिच्या हातातली पिशवी तिने खाली ठेवलेली नसायची.